भाऊसाहेब, गौरीपर्यंत

"सून आणलीत का फ्रिज? फ्रिज तरी मधूनमधून घर्रर्र करतो गं."

हे वाक्य माझ्यासाठी नव्हतं. आत्या फोनवर होत्या, आई पोळ्या लाटत होत्या, आणि हात पिठाचे असले की आई फोन स्पीकरवर टाकतात. मी बाल्कनीत कपडे वाळत घालत होते. बाल्कनी आणि स्वयंपाकघराच्या मध्ये आमच्याकडे एक जाळीचं दार आहे फक्त. शिवाय आत्यांचा आवाज असा, की ठाण्याच्या टेंभी नाक्यावरून फोन न लावताही डोंबिवलीत ऐकू यावा.

आई म्हणाल्या, "रुळेल हो वन्सं."

आई-बाबा म्हणजे माझे सासू-सासरे, सुजित म्हणजे नवरा, आणि आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. आमच्या घरातला कुठलाही मोठा निर्णय ठाण्याहून मंजूर होऊन येतो. सुजितने कॉलेजला कुठली साइड घ्यायची, बाबांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन कधी करायचं, हॉलला रंग कुठला द्यायचा. मीही तशीच मंजूर होऊन आले.

न बोलण्याचा एक फायदा मात्र आहे. बोलकी माणसं आपले किस्से रोजच्या रोज खर्च करतात. कोथिंबीर घ्यायला गेली तरी एक तिथे देऊन येतात. माझे साठतात. लग्नाला अजून वर्ष व्हायचंय आणि माळा भरत आलाय. त्यातले हे फक्त पालीचे.

* * *

माझं ऑफिस घोडबंदर रोडला. तिथली एक मैत्रीण एकदा जेवणाच्या सुट्टीत "चल, गंमत दाखवते" म्हणून मला तिच्या शेजाऱ्यांकडे घेऊन गेली. शेजारी म्हणजे कर्णिक. चाळिशीचे, बँकेत नोकरी, त्या दिवशी रजेवर, घरी वयस्कर आई. आणि हॉलमध्ये, जिथे लोक शोकेस ठेवतात तिथे, उभी काचेची पेटी. पेटीत झाडाच्या सालीची पोकळ नळी, आणि नळीवर पाल.

माझ्या कोपरापासून पंजापर्यंत भरेल एवढी पाल. रंग शेवाळ धरलेल्या दगडाचा, आणि कातडी जागोजागी सैल, मोठ्या भावाचा शर्ट घातल्यासारखी. पॅसिफिक समुद्रातल्या कुठल्याशा बेटावरची ही जात, पालींमध्ये जगात सगळ्यात मोठी, असं कर्णिक म्हणाले आणि त्यांनी ती सरळ माझ्या हातावर ठेवली.

थंड, जड, आणि पावलं हलकेच चिकटणारी. तिने मला माहेर कुठलं विचारलं नाही, ऑफिसात नक्की काय करतेस विचारलं नाही, आणि "वाळलीस गं" असंही म्हणाली नाही. मीही तिला काही विचारलं नाही. सुट्टी संपेपर्यंत आम्ही तशाच बसून होतो. लग्नानंतर इतकं निवांत मी कुणाच्याच शेजारी बसले नव्हते.

घरी आल्यावर मी सुजितला म्हटलं, "मला एक हवंय."

सुजितने कानातले हेडफोन काढले. लग्नानंतर मी पहिल्यांदाच काहीतरी मागत होते. तो इतका खूश झाला, की मी काही सांगायच्या आतच म्हणाला, "दिलं."

मग मी सांगितलं.

तो बराच वेळ हेडफोनच्या वायरचा गुंता सोडवत बसला. "दिलं म्हणालोय ना आता," शेवटी तो म्हणाला. "पण आईला तू सांगायचंस की मी?"

मी त्याच्याकडे बघितलं. "बरं, मीच सांगतो," तो म्हणाला.

* * *

कर्णिकांकडे पिल्लं होती, पण सुजित म्हणाला, घ्यायचीच तर चार ठिकाणी बघून घेऊ. त्याला कुणीतरी कल्याणच्या बाजारातलं एक दुकान सांगितलेलं. आम्ही रविवारी गेलो. मासे, लव्हबर्ड्स, एक झोपलेलं मांजर, ते विकायचं होतं की दुकानाचं होतं कळलं नाही.

सुजितने पालीचं इंग्रजी नाव, "गेको", म्हटल्याबरोबर दुकानदाराने शटर अर्धं खाली घेतलं आणि काउंटरखालून बुटाचं खोकं काढलं. खोक्यात एक ठिपक्यांची मोठी पाल, डोळे भेदरलेले. "एकदम जंगलातला माल आहे," तो हळूच म्हणाला. "औषधाला पण जाते."

"औषध नको," सुजित म्हणाला. "आम्हाला पाळायचीय."

"पाळा नाहीतर उकळा, आपल्याला काय."

आपल्याकडच्या रानातली पाल धरणं आणि विकणं हा गुन्हा आहे, परदेशी जात असेल तर सरकारी नोंद करून पाळता येते, हे कर्णिकांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मी वळले आणि शटरखालून वाकून बाहेर आले. मागे सुजितचा आवाज ऐकू आला. तो फार सभ्य माणूस आहे.

"बायकोला विचारून सांगतो हां."

"ती तर गेली."

"म्हणजे तिने सांगितलं," सुजित म्हणाला आणि माझ्या मागोमाग वाकून बाहेर आला.

कर्णिकांना कळवलं, त्यांनी वनखात्याला कळवलं. त्या खोक्याचं पुढे काय झालं ते मात्र आम्हाला कळलं नाही.

* * *

आईंना सांगायचं काम सुजितकडे होतं. त्याने सांगितलंही. फक्त संपूर्ण बोलण्यात "पाल" हा शब्द एकदाही येऊ दिला नाही. "आई, आपण गेको आणतोय."

"गेको म्हणजे काकाकुवासारखं का रे?"

"साधारण," सुजित म्हणाला.

दुसऱ्या दिवशीपर्यंत आमच्या मजल्यावर सगळ्यांना माहीत झालं, की आमच्याकडे गेको येणार. समोरच्या काकूंनी विचारलं, "बोलतो का हो?" आई म्हणाल्या, "शिकवलं तर शिकेल. आमच्याकडे एक तरी बोलायला हवं." मी तेव्हा चपला घालत होते.

आणि मग आई म्हणाल्या, मीपण येते बघायला.

कर्णिकांच्या आईंनी पोहे केले होते. आई नवी साडी नेसून सोफ्यावर बसल्या, प्लेट हातात घेतली आणि चौकशी सुरू केली. वय काय? पोरवय सरलं, आता वयात येईल. खाण्यापिण्याच्या सवयी? मुख्यतः फळं, कधीमधी किडे. आईंना हे काकाकुव्याच्या हिशोबात बसलं. स्वभाव? शांत. झोप? दिवसा. "म्हणजे आळशी," आई म्हणाल्या, "पण चालेल, आमच्याकडे तशी परंपरा आहे." बाबा पोहे खात राहिले.

"नर की मादी?"

"नर," कर्णिक म्हणाले. "नक्की नर."

मग ते आत गेले आणि हातावर घेऊन आले.

आईंचा चमचा प्लेटमध्ये पडला. "अगं बाई. ही पाल आहे."

"गेको," सुजित म्हणाला.

"सुजित, मी कोकणात वाढलेय. मला पाल कळते. दुधी भोपळ्याएवढी असली तरी कळते."

कर्णिकांनी दोन दाखवले. एक चपळ आणि हिरवट, बघता बघता त्यांच्या खांद्यावरून डोक्यावर गेला. दुसरा जाड, शेपटीचं टोक तुटलेलं, जिथे ठेवला तिथे बसला. सुजित चपळवाला घेऊ या म्हणत होता. मी जाडजूड महाशयांसमोर हात धरला. त्यांनी बराच विचार केला आणि एक पाऊल माझ्या तळहातावर ठेवलं. दुसरं ठेवायची त्यांना घाई नव्हती. मलाही नव्हती.

"हा," मी म्हटलं.

आई माझ्याकडे बघत राहिल्या. गाडी डोंबिवलीला पोचल्यावर म्हणाल्या, "हे बघा. पोरीने पहिल्यांदा काहीतरी मागितलंय, म्हणून. पण गौरीपर्यंत. गौरीला वन्सं येतील. त्या म्हणाल्या राहू दे, तर राहील. त्या म्हणाल्या घालवा, तर मी मधे पडणार नाही."

आत्या कशाला कधी राहू दे म्हणाल्याचं घरात कुणाला आठवत नव्हतं.

* * *

घरात आल्यावर नाव बाबांनी ठेवलं. आमच्या बेडरूममध्ये पेटी लागली, आणि बाबांनी संध्याकाळपर्यंत खुर्ची टाकून निरीक्षण केलं. "हा आमच्या गावच्या तलाठ्यासारखा आहे. दिवसभर जागेवर सापडत नाही. सापडला तर हलत नाही. आणि आपण गेलो की मग उठतो." गावाकडे तलाठ्याला भाऊसाहेब म्हणतात. झालं.

कर्णिकांनी निघताना एकच गोष्ट बजावली होती. "नवीन जागा आहे. सुरुवातीला त्याच्याकडे बघू नका, हात लावू नका, विचारपूस करू नका. अन्न-पाणी ठेवायचं आणि बाजूला व्हायचं. आपोआप रुळेल."

आईंना हे पटलंच नाही. "असं कसं? नवीन माणूस घरात आलं आणि आपण बघायचंसुद्धा नाही?"

मी या घरात आले त्या दिवशी मला जेवताना बघायला समोरच्या काकू, त्यांच्या दोन्ही सुना आणि वरच्या मजल्यावरची एक बाई बसली होती. ती बाई कोण हे मला अजून कळलेलं नाही.

तर रोज दिवेलागणीला बेडरूममध्ये खुर्च्या मांडल्या जायच्या. सगळे पेटीकडे तोंड करून बसायचे. बाबा कुजबुजत कॉमेंटरी करायचे, "डोळा हलला... नाही, आपलंच प्रतिबिंब." भाऊसाहेब नळीत. केळ्याचा काला सकाळी होता तसाच. आईंचा जीव वरखाली. "उपाशी आहे गं. त्याला आवडत नसेल आपल्याकडचं. दहीभात देऊन बघू का?"

मी कपाटातून आईंची जुनी सुती साडी काढली आणि पेटीवर घातली. सगळ्यांना दिसतील ते फक्त साडीचे काठ.

"हे काय?" बाबा म्हणाले.

"पडदा," सुजितने माझ्या वतीने सांगितलं.

सकाळी वाटी चाटूनपुसून साफ होती. आईंनी ती वाटी समोरच्या काकूंना नेऊन दाखवली.

* * *

मे महिना. भाऊसाहेबांना उकाडा सोसत नाही. त्यांच्या बेटावर म्हणे हवा माथेरानसारखी. आमच्या लग्नात मिळालेला एसी आमच्या खोलीत होता, पण तो लावायचा नाही अशी घराची रीत होती. बाबांचं मत असं, की एसी हा आजारी माणसांसाठी आणि सिनेमा थिएटरसाठी असतो.

"पण बाबा, भाऊसाहेबांसाठी," सुजित म्हणाला.

"मग लाव. जनावराचे हाल नकोत."

पहिल्या दुपारी बाबा "बघून येतो जरा" म्हणून आत आले आणि खुर्चीत घोरायला लागले. दुसऱ्या दिवशी आई मेथीची जुडी घेऊन आल्या, त्याच्यावर लक्ष राहील म्हणून. मग बाबांचा पेपर आला, आईंची चटई आली, देवाचं वाचन आलं, आणि समोरच्या काकू दिवसातून तीनदा भाऊसाहेबांची तब्येत विचारायला येऊ लागल्या. भाऊसाहेबांकडे त्यांना पाहायचंही नसायचं. त्या पेटीकडे पाठ करून एसीकडे तोंड करून बसायच्या.

एका रात्री आम्ही जेवून खोलीत गेलो, तर पलंगावर आई, खाली गादी टाकून बाबा, आणि मंद दिव्यात भाऊसाहेब काचेवर चढून दोघांकडे बघतायत.

सुजित दारातच थांबला. "बाबा, आम्ही?"

"हॉलमध्ये पंखा आहे ना," बाबा डोळे न उघडता म्हणाले. "तुम्ही तरुण माणसं."

* * *

आंब्याचा किस्सा बाबा स्वतः सगळ्यांना सांगतात, पण थोडा वाढवून. खरं एवढंच झालं.

बाबांनी नाक्यावरून देवगड म्हणून पेटी आणली. आमच्याकडे पहिला आंबा देवाला, दुसरा बाबांना. या वर्षी तिसरा भाऊसाहेबांना. मी फोड कुस्करून वाटीत ठेवली. भाऊसाहेब आले, जीभ लावली, डोळा चाटला (त्यांना पापण्या नाहीत, डोळे जिभेने पुसतात) आणि परत नळीत गेले.

बाबा अस्वस्थ झाले. त्याच आठवड्यात गावाहून एसटीने खरी पेटी आली. तो आंबा ठेवला. भाऊसाहेबांनी वाटी नुसती चाटली नाही, पालथी केली.

बाबा तडक चपला घालून निघाले. मी भाजीची पिशवी घेऊन मागे होते म्हणून पुढचं ऐकलं. बाबा फळवाल्याच्या गाडीसमोर उभे राहून म्हणाले, "हा देवगड नाही. कर्नाटक आहे."

"काका, कशावरून म्हणता?"

"आमच्या पालीने सांगितलं."

फळवाल्याने माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली. त्याने बाबांना दुसरी पेटी दिली.

* * *

भाऊसाहेब पहिल्यांदा आवाज करायला लागले ते पावसाळ्याच्या तोंडावर. आधी घशात खरखर आणि मग छोटं कुत्रं भुंकावं तसं, "भुक्". सुजित सोफ्यावर चढला. आईंनी मात्र जिथे बसल्या होत्या तिथेच बोटाने टेबलावर टकटक केलं आणि म्हणाल्या, "कृष्ण कृष्ण."

आईंच्या माहेरची पद्धत अशी, की कुणी काही बोललं आणि लगेच पाल चुकचुकली, तर ते बोलणं खरं. टकटक करायचं आणि कृष्णाचं नाव घ्यायचं. "आणि एवढी मोठी पाल," आई म्हणाल्या, "म्हणजे एवढं मोठं सत्य."

त्या दिवसापासून आमच्या घरात बोलणं अवघड झालं.

आई दिवेलागणीला मुद्दाम पेटीजवळ येऊन म्हणायच्या, "या घरात सगळं मलाच बघावं लागतं." भुक्. "कृष्ण कृष्ण. ऐकलंत?" बाबा म्हणाले, "मी आज वडापाव खाल्ला नाही." पेटीत शांतता. बाबांनी वाट पाहिली. खोकले. "खाल्ला, पण एकच." शांतता.

"दोन," बाबा म्हणाले. भुक्.

कळस झाला तो सोसायटीच्या सेक्रेटरींमुळे. आमची बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला जाणार हे डोंबिवलीतल्या प्रत्येक बिल्डिंगसारखं आम्हीही लहानपणापासून, म्हणजे सुजित लहानपणापासून, ऐकत आलाय. सेक्रेटरी मोरे काका सह्यांसाठी आले. आईंनी त्यांना चहा दिला आणि बसवलं पेटीच्या बाजूला.

"वहिनी, पुढच्या दिवाळीपर्यंत बिल्डर काम सुरू करतो."

आईंनी पेटीकडे पाहिलं. काही नाही.

मोरे काकांना वाटलं आईंना ऐकू आलं नाही. ते मोठ्याने म्हणाले, "पुढच्या दिवाळीपर्यंत सुरू."

काही नाही.

"मोरे भाऊजी," आई म्हणाल्या, "तुम्ही सही पुढच्या दिवाळीला घ्या."

* * *

आणि गणपती आले.

आत्यांना आधी कळवायला हवं होतं. आई म्हणाल्या, मी मधे पडणार नाही हे मी तेव्हाच सांगितलंय. बाबा म्हणाले, ताईला मी आजवर काही सांगितलेलं नाही, ती सांगते आणि मी ऐकतो. सुजित म्हणाला, मी सांगेन, पण विसर्जनानंतर, फोनवर.

गौरी बसल्या त्या दुपारी आत्या आल्या. पाणी प्यायल्या, गौरीला हळदकुंकू वाहिलं, आणि "जरा पाठ टेकते" म्हणून आमच्या खोलीत गेल्या. आम्ही चौघं हॉलमध्ये उभे होतो. कुणीही त्यांना अडवलं नाही.

आत्या ओरडल्या नाहीत. दार उघडून बाहेर आल्या, दार नीट लावून घेतलं आणि आईंना म्हणाल्या, "शुभा, आत मगर आहे."

"मगर नाही आत्या. गेको," सुजित म्हणाला.

"गेको म्हणजे?"

"पाल," बाबा म्हणाले.

आत्या बसल्या. कुणाची, कशाला, कधीपासून, सगळं विचारलं. उत्तरं सुजितने दिली. मग निकाल आला. "गौरी घरात आणि शेजारच्या खोलीत पाल पाळलीये? उद्या सुनेचा पहिला ओवसा. घर पाहुण्यांनी भरेल. उद्या संध्याकाळी ही इथून गेली पाहिजे."

आई बोलल्याप्रमाणे मधे पडल्या नाहीत. सुजितने कर्णिकांना फोन केला. ते म्हणाले, उद्या संध्याकाळी येऊन घेऊन जातो, काळजी करू नका. मी माळ्यावरून खोका काढला. तुला वाईट वाटतंय का हे कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी मी "ठीक आहे" म्हटलं असतं, तेवढं मी स्वतःला ओळखते. त्या रात्री मी केळ्याच्या काल्यात गावचा आटवलेला आंबारस घातला. भाऊसाहेबांनी हात लावला नाही. गेले काही दिवस ते नुसती पेटीतली माती उकरत होते. बाबा म्हणाले, "बदलीची कुणकुण लागली असेल."

दुसऱ्या दिवशी ओवसा. नव्या सुनेने सुपात फळं, पानं, सुकामेवा घालून गौरीला ओवाळायचं आणि मग एकेक सूप घरातल्या मोठ्या बायकांना द्यायचं, वाकून नमस्कार करायचा. मी वाकले की प्रत्येक जणी आशीर्वाद द्यायची, आणि मी सरळ होते न होते तोच विचारायची, "काय मग, काही विशेष?" मामीआजी, चुलतसासू, समोरच्या काकू, त्यांच्या दोन्ही सुना. मी हसायचे आणि पुढचं सूप उचलायचे.

घावन-घाटल्याचं जेवण झालं. मी खोका घेऊन खोलीत गेले. पेटी उघडली, नळी हळूच उचलली. भाऊसाहेबांनी माझ्यावर कधी तोंड टाकलं नव्हतं, त्या दिवशी गुरगुरले. नळीखालच्या मातीत दोन अंडी होती. पांढरीशुभ्र, लिंबाएवढी.

मी दारातून सुजितला हाक मारली. त्याने येऊन बघितलं. मग तो वळला आणि माणसांनी भरलेल्या हॉलमध्ये जाऊन म्हणाला, "आई, भाऊसाहेब बाळंत झाले."

मामीआजींनी विचारलं, "कोण भाऊसाहेब?"

"तलाठी," बाबा म्हणाले.

पुढच्या मिनिटाला अख्खी पंगत आमच्या खोलीत. सुजित कोपऱ्यात कर्णिकांशी फोनवर बोलत होता. कर्णिकांनी तीनदा सॉरी म्हटलं, आणि सांगितलं की या जातीत एकटी मादीही कधीकधी अंडी घालते, पण त्यातून पिल्लं येत नाहीत. हे सुजितने माझ्या कानात सांगितलं. बाकीच्यांपर्यंत ते पोचलंच नाही, कारण तिकडे तपास सुरू झाला होता.

"एकटाच राहतो ना हा इथे?" आत्या म्हणाल्या. "मग कोणाची?"

सगळ्यांनी वळून स्वयंपाकघराकडे पाहिलं. तिथे ट्यूबलाइटमागे आमची रोजची घरगुती पाल राहते. बोटाएवढी.

"ताई, साइज बघ जरा," बाबा म्हणाले.

"साइजचं मला नको सांगूस. आपले मामा आठव आणि मामी आठव."

सुजितने फोनवर हात ठेवला. "कर्णिक विचारतायत, संध्याकाळी किती वाजता येऊ?"

आत्यांनी तोंड उघडलं, पण आवाज आईंचा आला. या घरात आल्यापासून आत्यांच्या आधी त्या पहिल्यांदाच बोलत असाव्यात. "वन्सं, बाहेर गौर बसलीये. माहेरवाशीण आहे ती. तिच्यासमोरून आपण बाळंतीण घराबाहेर काढायची?"

आत्यांनी हॉलमधल्या गौरीकडे पाहिलं, मग पेटीत पाहिलं. भाऊसाहेब अंड्यांवर अंग टाकून बसल्या होत्या आणि आत्यांच्या नजरेला नजर देत होत्या. या घरात ते आजवर कुणाला जमलेलं नाही.

"काढा म्हणाले का मी?" आत्या म्हणाल्या. "फोन ठेव रे सुजित. सांग त्यांना, ती इथेच राहणार. आणि तो एसी बंद कर आधी, बाळंतिणीला वारा लागेल."

"आत्या, तिला एसी लागतो."

"मग वारा माझ्याकडे कमी येऊ दे. शुभा, डिंकाचा लाडू चालतो का गं हिला?"

आत्यांनी पलंगाची पेटीजवळची बाजू धरली आणि मांडी घालून बसल्या. मी पाणी फवारायची बाटली घेऊन काचेपाशी उभी होते. आत्यांनी पेटीकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, वरपासून खालपर्यंत. त्यांच्यामागे सगळ्या बायका, सकाळच्याच हसऱ्या तोंडाने.

"बघ सूनबाई," आत्या म्हणाल्या. "मुकं जनावर, तेही एकटं. त्यानेसुद्धा बातमी दिली. तुमची कधी?"

मी बाटली खाली ठेवली.

"आत्या, तिला कुणी विचारत नव्हतं, म्हणून."